अमेरिकेचा ना-हरकत दाखला

एकोडीच्या तुलाराम कापगत्यांची धानाची गिरणी एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर विजेवर चालू लागली, आणि तिथून माझ्या अब्रूची घसरण सुरू झाली.

त्याआधी ती गिरणी एका जीपवर चालायची. गिरणीमागच्या छपरात अख्खी जीप विटांवर उभी केलेली, मागच्या एका चाकाचं टायर काढून त्यावर पट्टा चढवलेला, आणि तो पट्टा भिंतीतल्या भोकातून आत गेलेला. तुलारामजींच्या वडिलांनी मोठी लढाई संपल्यावर ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. नंतर तीस-बत्तीस वर्षं तिने एका जागी उभं राहून पंचक्रोशीचा तांदूळ काढला.

मी साकोलीच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. एका लग्नाला एकोडीला गेलो होतो. पंगत बसायला उशीर होता म्हणून फिरत फिरत त्या छपरात डोकावलो, तर समोर दुसरं महायुद्ध उभं होतं. त्यावर तीन कोंबड्या बसल्या होत्या.

पुढच्या फळीवर पितळेची एक पट्टी होती. धोतराच्या सोग्याने पुसली तर खाली आकडा निघाला, १९४३, आणि त्यापुढे काही इंग्रजी अक्षरं व नंबर. अंगावर काटा आला. नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे मी एकदा विलायतेचं मासिक पाहिलं होतं. तिकडे म्हणे रिटायर झालेले साहेब लोक लष्कराच्या जुन्या गाड्या शोधून काढतात, जशाच्या तशा दुरुस्त करतात आणि रविवारी बायकोला बसवून फिरवतात. साकोलीत छंद म्हणजे फार तर पोस्टाची तिकिटं. त्यामुळे मला एकदम आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

"तुलारामजी, ही मला द्या," मी म्हणालो.

"हे भंगार कायले पाहिजे मास्तर तुमाले?"

"भंगार नाही हो. इतिहास आहे हा."

"इतिहास असन तर घेऊन जा. मले कोंडा ठेवाले जागा पाहिजे." मग त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या सायकलकडे पाहिलं. "सायकल मस्त दिसून राहिली तुमची. डायनामोची हाये ना?"

अशा रीतीने मी सायकल देऊन महायुद्ध घेतलं आणि त्या दिवसापासून वर्षभर शाळेत पायी गेलो. गाडीवाला झाल्यावर माणूस पायी चालू लागतो, हा अनुभव मला फार लवकर आला.

जीप साकोलीला आणायला तुलारामजींनी दोन बैलजोड्या दिल्या. ब्रेक नव्हते, पण स्टिअरिंगचं चाक फिरत होतं, म्हणून मी ते धरून बसलो. गळ्यात लग्नातला हार तसाच होता. वाटेत प्रत्येक जण थांबून विचारी, "कोनाचं लगन हाये जी?" मी मान ताठ ठेवून समोर पाहत होतो. तलावाच्या पाळीवरून उतार लागला तेव्हा एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात आली. चढावर बैल जीप ओढतात, पण उतारावर जीप बैलांना ढकलते. बैलांना हे मान्य नव्हतं. ते उधळले, जू सुटलं, बैल डावीकडे गेले आणि मी, इतिहास व हार उजवीकडच्या बांधीत लाखोरीच्या पिकात जाऊन थांबलो. धुऱ्यावर गवत कापत असलेली देवकाबाई नावाची म्हातारी विळा कमरेला खोचून शांतपणे म्हणाली, "मास्तर, रस्ता तिकडे हाये."

घरी सुलोचनाने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, जीपला एक प्रदक्षिणा घातली. अंगणाच्या त्या कोपऱ्यात ती मुगवड्या वाळत घालायची.

"अजी, हे किती दिवस राहीन इथं?"

"महिनाभर. मग रस्त्यावर धावेल."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'चे किती अर्थ होतात हे लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर मला साधारण कळतं. हा त्यातला शेवटचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे भय्याजी लांजेवार आपली खुर्ची घेऊन आले. भय्याजी तहसिलीतून नाझर म्हणून रिटायर झालेले. जगात अशी गोष्ट नाही जिच्यावर त्यांनी कधी तरी शेरा मारलेला नाही. त्यांनी जीपसमोर खुर्ची मांडली आणि पुढे कित्येक महिने हलवली नाही. इंजिनात आधी रॉकेल टाका म्हणाले. मग, रॉकेल कोणी टाकलं, एरंडीचं तेल टाकाचं होतं, म्हणाले. माझे हात कोपरापर्यंत काळे, आणि भय्याजी पांढऱ्या शुभ्र बंडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमी जीप बनवून राहिलो."

सडकेवरचा बाबुलाल मिस्त्री ट्रकांचं काम करायचा. त्याला आणलं. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबुलाल, सगळं मूळचंच राहिलं पाहिजे. जसंच्या तसं. यालाच तर छंद म्हणतात."

"होऊन जाईन मास्तरजी," तो म्हणाला आणि त्याने मूळचा कार्बोरेटर काढून बाभळीत फेकला.

बाबुलालची पद्धत अशी, की आज एक मूळचा भाग निघायचा आणि उद्या त्या जागी दुसऱ्या कशाचा तरी बसायचा. कार्बोरेटर एका मेलेल्या टॅक्सीचा आला. गिअरबॉक्सही तिचाच. चाकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची, थोडी मोठी, त्यामुळे जीप टाचा उंचावून कोणाच्या तरी परसात डोकावतेय अशी दिसू लागली. स्टिअरिंग ट्रकचं, तेही एवढं मोठं की ते फिरवायला मला सीटवरून अर्धवट उठावं लागे. रेडिएटर गळायचा, म्हणून बाबुलालने त्यात पावशेर हळद ओतली. गळणं थांबलं. पण इंजिन तापलं की सगळ्या आळीत वरणाचा वास सुटायचा आणि लोकांना अवेळी भूक लागायची.

"बाबुलाल, यात मूळचं काय राहिलं रे?" एकदा मी काकुळतीला येऊन विचारलं.

"हे पाहा ना, पट्टी हाये पितळेची," तो म्हणाला.

म्हणून मी त्या पट्टीला जपायचो. रोज सकाळी चिंचेने घासायचो. वर्गातही नेऊन दाखवली. दुसऱ्या महायुद्धाचा धडा मी त्या वर्षी तीन वेळा शिकवला आणि शिवाजी महाराजांवरून राजाराम महाराजांपर्यंत पोचायच्या आत परीक्षा आली.

रंगाचं काम सेवकराम पेंटरला दिलं. सेवकराम दंडारीचे आणि नाटकांचे पडदे रंगवायचा. मी त्याला सांगितलं, "लष्करी रंग दे. शत्रूला झाडीत दिसू नये असा." एवढं सांगून मी पेपर तपासायला केंद्रावर गेलो ही माझी चूक. चार दिवसांनी आलो तर जीपच्या दोन्ही अंगांना झाडी उगवली होती. मोहाचं झाड, पळसाची फुलं, मागे डोंगर, एक तलाव, आणि मधोमध मागे वळून पाहणारं एक हरीण. हरणाच्या पायाशी झोकदार सही होती.

"सेवकराम, हरीण कशाला?"

"आता बाप्पा! झाडीत हरीण नसन तर झाडी कायची, मास्तर?"

आणि एप्रिलच्या एका दुपारी जीप चालू झाली. पहिल्या फटक्याला एवढा आवाज झाला की समोरच्या किराणा दुकानदाराने फळ्या लावून घेतल्या. पण ती चालली. मी आळीतून दोन चकरा मारल्या. लोक ओट्यावर येऊन उभे राहिले. आयुष्यात मला इतकं ताठ बसता येतं हे ठाऊक नव्हतं. सुलोचनाला म्हटलं, चल, बस. ती म्हणाली, "आधी कागद करा. बिनकागदाच्या वस्तूत मी बसत नाही." भय्याजींनी हे ऐकून मान डोलावली. कागद हा त्यांचा प्रांत होता.

वाहनांची नोंदणी करणाऱ्या कचेरीचं नाव आणि गाव मी सांगत नाही, कारण पुढेही तिथे काम पडू शकतं. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज उताणा केला, पालथा केला आणि विचारलं, "हे वाहन पयले कोनाच्या नावानं होतं?"

"तसं पाहिलं तर अमेरिकन लष्कराच्या."

"मग त्यायचा ना-हरकत दाखला आना."

"अहो, ते पस्तीस वर्षांपूर्वी निघून गेले."

"मयत असतीन तर वारसायचा चालते," तो उदारपणे म्हणाला आणि चहाला गेला.

मला हसू आलं. भय्याजींना नाही आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी मसुदा केला. 'महोदय, आपण सन १९४५ मध्ये हा देश सोडून जातेवेळी आपलेकडून एक नग जीप मागे राहिली असून सदर जीप अर्जदाराचे अंगणात सुस्थितीत आहे. तरी आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे. न कळविल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.' मी त्याचं इंग्रजी केलं. एक प्रत अमेरिकेच्या मुंबईतल्या कचेरीला आणि, भय्याजींच्या आग्रहावरून, एक आपल्या लष्करालाही. "कागद नेहमी दोघायले लावाचा," ते म्हणाले. "एक झोपला तर दुसरा उठते."

अमेरिकेकडून महिन्याभरात एक गुळगुळीत रंगीत पुस्तक आलं. ते तिकडच्या गव्हाच्या शेतीबद्दल होतं. सोबत कार्ड होतं, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. आपलं लष्कर मात्र झोपलेलं होतं.

ते उठलं सभापतींमुळे. आमचे पंचायत समितीचे सभापती टिकारामजी यांना पंधरा ऑगस्टला उघड्या जीपमध्ये उभं राहून मानवंदना घ्यायची हौस होती. हेडमास्तर स्वतः माझ्या घरी आले, जे सोळा वर्षांत आले नव्हते. मी म्हटलं, गाडीची नोंदणी झालेली नाही. हेडमास्तर म्हणाले, "सभापती उभे राहिले म्हणजे झाल्यासारखीच आहे." शाळेच्या मैदानावर मी जीप चालवली. सभापती मागे उभे, एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात कपाळाला. दोन्ही बाजूंनी मुलं रांगेत, हरणाकडे पाहत. तिसऱ्या फेरीला वरणाचा वास सुटला आणि रांगा थोड्या हलल्या, एवढंच.

आठवड्याने नागपूरच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'लष्करी जीपमधून मानवंदना स्वीकारताना सभापती व त्यांचा ड्रायव्हर.'

ड्रायव्हर! एम.ए., बी.एड. माणूस! सुलोचनाने ते कात्रण जपून ठेवलं. मला ते अजून सापडलेलं नाही.

आणि त्यानंतर दहा दिवसांनी लष्कराचा लखोटा आला. माझ्या अर्जाचा व वर्तमानपत्रातल्या फोटोचा असे दोन्ही संदर्भ देऊन कळवलं होतं की लढाईच्या काळातली एक जीप नोंदवहीत गहाळ दाखवली आहे. आपल्या ताब्यातील वाहन तेच असण्याचा संभव असल्याने एक मेजर तपासणीला येत आहेत. तोवर वाहन हलवू नये. पत्र पोस्टमनने आणलं तेव्हा तिकीट बघायला जमलेल्या लोकांनी ते माझ्या आधी वाचलं. दुपारपर्यंत गावात माझ्यावर कोर्टमार्शल बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या संस्थेची नोटीस आली. अनुदानित शाळेत शिक्षक असताना लष्कराची मालमत्ता बाळगल्याबद्दल आपणास सेवेतून कमी का करू नये, याची कारणं दाखवा. खाली सही हेडमास्तरांची. त्याच हाताची, ज्याने पंधरा ऑगस्टला माझी पाठ थोपटली होती.

त्या आठवड्यात मला मानवी स्वभावाचा जो इतिहास कळला तो कोणत्याही पुस्तकात नाही. भय्याजी येऊन खुर्ची घेऊन गेले. आता ते स्वतःच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसत. बाबुलालला सडकेवर गाठलं तर तो ट्रकखालूनच म्हणाला, "कोनती जीप?" सेवकराम भर दुपारी ब्रश घेऊन आला आणि हरणाच्या पायाशी असलेल्या सहीवर गवत काढून गेला. सभापतींच्या बंगल्यावर गेलो, माझ्यासाठी दोन शब्द लिहून द्या म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, माहा त्या जीपसंग काही संबंध नाही."

"साहेब, फोटो आहे. तुम्ही जीपमध्ये बसला होता."

"बसलो कुठं होतो? मी उभा होतो."

घरी येऊन मी पाटावर बसलो. नोकरी जाणं ही गोष्ट गमतीची नव्हती. पंचेचाळिसाव्या वर्षी इतिहासाच्या मास्तरला कोण ठेवतो? सुलोचना जेवायला वाढत म्हणाली, "येऊ द्या त्या मेजराले. चोरी केली का आपन? आनि मी एक काम केलं." तिने मुगवड्यांचा डबा उघडून दाखवला. वड्यांच्या खाली पितळेची पट्टी होती. "तेवढीच ना मूळची? बाकी सारी बाबुलालची हाये. आता काय दाखवून देतीन ते?"

सोळा वर्षांत मला तिचा इतका आधार कधी वाटला नव्हता, आणि इतकी लाजही.

मेजर आले ते सकाळी दहाला, सोबत एक सुभेदार. कुंपणाच्या तिन्ही बाजूंनी अख्खं गाव. ज्यांचा जीपशी संबंध नव्हता ते सगळे पुढे. सुभेदार जीपच्या खाली सरपटला आणि एकेक ओरडून सांगू लागला. "साब, गियरबॉक्स टैक्सी का! स्टीयरिंग ट्रक का! पहिये ट्रॉली के!" मग तो बॉनेटमध्ये वाकला, नाक जवळ नेलं आणि गोंधळून मेजरांकडे पाहिलं. "साब, इसमें हल्दी है."

मेजर बराच वेळ चित्रासमोर उभे होते. "और ये हिरन," त्यांनी विचारलं, "ये कौन सी पलटन का है?"

कुंपणावर हशा पिकला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही. लोकांनी हसावं? वर्षभर चिंचेने घासलेल्या माझ्या महायुद्धाला?

"साहब, हंसने की बात नहीं है," मी म्हणालो. "ये असली मिलिटरी जीप है."

"गप राहा ना जी," सुलोचना मागून पुटपुटली.

"तो कोई निशानी है, मास्टरजी?" मेजरांनी विचारलं. "नहीं है तो मैं लिख देता हूं, मामला खतम."

मामला खतम! एक 'नाही' म्हटलं की झालं. नोकरी राहिली, जीप राहिली. सुलोचना माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. पण सोळा वर्षं पोरांना पुरावा, पुरावा म्हणून छड्या मारलेल्या माणसाच्या तोंडून ते येईना. मी घरात गेलो, डबा आणला, सगळ्यांसमोर मुगवड्यांत हात घातला आणि पट्टी मेजरांच्या हातात ठेवली. सुलोचनाने कपाळाला हात लावला.

मेजरांनी नंबर वाचला. सुभेदाराने जाड नोंदवही उघडली, बोट खाली खाली नेलं, एका जागी थांबवलं आणि घसा साफ केला.

"साब, ये नंबर जीप का नहीं है. चूल्हे का है."

"क्या?"

"रसोई का बड़ा चूल्हा, साब. पहियेवाला. लिलाम में निकला था, जीप के साथ."

तुलारामजींच्या वडिलांनी चुलीची चांगली दिसणारी पट्टी काढून जीपला लावली होती. वर्षभर मी ज्याला महायुद्ध म्हणून वर्गात फिरवलं, ती कोण्या पलटणीच्या भातभाजीची खूण होती. या वेळी कुंपणावर कोणी हसलं नाही. त्यांना माझी कीव आली असावी. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मेजर मात्र भला माणूस निघाला. त्यांनी मुगवड्यांची भाजी दोनदा मागून घेतली आणि जाण्यापूर्वी लष्कराच्या कागदावर, सिंहाच्या ठशासहित, इंग्रजीत दाखला लिहून दिला. 'तपासणीअंती असे आढळले की सदर वस्तू लष्कराची नाही. तिचे भाग इतक्या ठिकाणचे आहेत की ती नेमकी काय आहे, याविषयी लष्कर मत देऊ शकत नाही.'

संस्थेने नोटीस मागे घेतली. पण हेडमास्तरांनी माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ लिहिली, जी अजून तिथे आहे. 'इतिहास विषयात पुरावा तपासण्याची सवय कमी.' भय्याजी दुसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन आले आणि म्हणाले, "मी म्हनतच होतो, काही होत नाही."

त्या रविवारी मी जीप काढली. रागानेच काढली. आश्चर्य म्हणजे सुलोचना न बोलावता येऊन शेजारी बसली. चांगलं लुगडं नेसली होती. "कागद आला ना एक," ती म्हणाली. "चाला."

सडकेच्या नाक्यावर नवीन बदलून आलेल्या हवालदाराने काठी आडवी धरली. नोंदणी नाही, परवाना नाही, नंबर नाही. तो जीपभोवती फिरला, हरणापाशी थबकला आणि करड्या आवाजात म्हणाला, "कागद?"

माझ्याजवळ एकच कागद होता. तो मी दिला. हवालदाराने घडी उघडली. वरच्या सिंहांवर नजर पडताच त्याची काठी बगलेत गेली, टाचा जुळल्या आणि त्याने मला असा कडक सलाम ठोकला की शेजारच्या पानठेल्यावरचा माणूसही उभा राहिला. मी, एम.ए., बी.एड., सोळा वर्षं नोकरी, आजवर मला असा सलाम कोणी केला नव्हता. माझाही हात आपोआप कपाळाला गेला आणि तिथेच राहिला. हवालदार कागद हातात धरून तसाच उभा. दोघांपैकी आधी हात कोणी खाली घ्यायचा हे मला ठाऊक नव्हतं.

सुलोचनाने हात लांब करून त्याच्या बोटांतून कागद हलकेच काढून घेतला, घडी घालून कमरेला खोचला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चाला ना जी आता लवकर. तो वाचाले लागून राहिला होता."